गुडघ्यावर चार बोटं

माणूस खोटं बोलतो, आरसा तोंडदेखलं बोलतो, पण टेप खोटं बोलत नाही, असं मास्तरांचं जन्माचं मत होतं. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची मापं घेतली. पोट आत ओढून उभे राहणारे, खांदे मुद्दाम रुंद करणारे, "मागच्याच मापाचा शिवा हो, आमच्यात काय फरक पडतोय" म्हणणारे, असे सगळे त्यांच्या गळ्यातल्या टेपपुढे एकदा तरी उघडे पडलेले. आता मात्र गेली तीन वर्षं मास्तर दर सोमवारी, दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, एकाच गिऱ्हाइकाचं माप घेत होते. ते गिऱ्हाईक म्हणजे ते स्वतः.

साडेतीन वर्षांपूर्वी दुकानातल्या वरच्या फळीवरून कापडाचा तागा काढताना शिडी सरकली आणि मास्तर पाठीवर पडले. ताग्याला काही झालं नाही. मास्तरांच्या कण्याचा एक मणका फुटला, आतला मज्जारज्जू चेमटला, आणि त्या दिवसापासून बेंबीखालचा सगळा मुलूख परका झाला. पाय होते तिथेच होते, पण त्यांच्याकडून पत्र नाही की निरोप नाही. खरचटलं तरी कळत नसे, चटका बसला तरी कळत नसे. दिवस चाकाच्या खुर्चीत जाऊ लागला.

पहिल्या काही महिन्यांतच विजार ढगळ व्हायला लागली. दुसरा एखादा हळहळला असता. मास्तरांनी मापांची वही मागवली, शेवटच्या पानावर "स्वतः" असं लिहिलं आणि मांडीला टेप गुंडाळला. एकवीस इंच असलेली मांडी साडेपंधरावर आली होती.

"एवढं गेलं कुठं?" त्यांनी बायकोला विचारलं होतं. दुःखापेक्षा त्यात नवलच जास्त. "चोरीला गेलं म्हणावं तर घरात तू आणि मी."

 मास्तरीणबाई मुळात कमी बोलायच्या, आणि बोलल्या तर इतकं हळू, की समोरचा आपोआप आवाज खाली आणायचा. त्यांचा एक नेम होता. सकाळी चहाचा घोट घ्यायच्या आधी त्या नवऱ्याच्या पायांशी बसायच्या. घोटा, गुडघा, खुबा, प्रत्येक सांधा एकवीस वेळा वाकवायचा आणि सरळ करायचा, आणि दर वेळी ओठांतल्या ओठांत देवाचं नाव घ्यायचं. अंगात ताप असताना केला, लेकीच्या परीक्षेच्या दिवशी केला. नेम म्हणजे नेम.

लेक आता घराच्या पुढच्या खोलीतलं दुकान सांभाळायची. हात बापाचा होता आणि जीभही बापाचीच. बापलेकीत भांडण एकाच गोष्टीवरून. ते म्हणजे कापड बेतायचं टेबल. जाड लाकडाचं, कमरेएवढं उंच, उभ्या माणसासाठी केलेलं. खुर्चीतून मास्तरांची हनुवटी जेमतेम त्याच्या वर यायची.

"बाबा, पाय कापू या त्याचे. सात इंच. तुम्हाला बसून बेतता येईल."

"मी उभा राहीन तेव्हा?"

"तेव्हा नवं करू."

"टेबलाच्या पायांना करवत लावायची नाही," मास्तर म्हणायचे. "या घरात निदान चार पाय तरी धड राहू देत."

यावर हसावं की रडावं ते लेकीला कळायचं नाही.

आणि पाच महिन्यांपूर्वी मास्तरांच्या हट्टाला जरा जागा मिळाली. पुनर्वसन केंद्रात विजेची सायकल आली. मांडीवर चिकटपट्ट्या लावायच्या, तारा जोडायच्या, बटण दाबलं की स्नायू विजेच्या इशाऱ्यानं आखडायचे आणि पायडल फिरायचं. शिवणाच्या मशीनवर जन्मभर पायडल मारलेले पाय पुन्हा पायडल मारताना बघून मास्तर पहिल्या दिवशी इतके खूश झाले, की "धागा ओवायचा राहिला" म्हणाले. पाच महिन्यांत मांडी साडेपंधराची सव्वासोळा झाली. वहीत तशी नोंद आहे.

केंद्रातल्या फिजिओबाई वयानं लेकीएवढ्याच, पण शिस्तीला कडक. मास्तरांचे प्रश्न त्यांना आवडायचे, कारण बाकीचे रुग्ण "कधी बरं होईल" एवढंच विचारायचे आणि मास्तर विचारायचे "कसं होतं."

"आता उभं करा मला," मास्तर एका मंगळवारी म्हणाले. केंद्रात उभं राहण्याची चौकट होती. पट्ट्यांनी बांधून माणसाला हळूहळू सरळ उभं करणारी.

"आधी हाडांची घनता बघायची. पुढच्या आठवड्यात बुधवारी तपासणी आहे. ठीक निघाली तर त्याच दिवशी उभं करते."

"स्नायू वाढला ना! हाडाला काय धाड भरलीय?"

"स्नायू दिसतो, मास्तर. हाड दिसत नाही. वजन पडायचं थांबलं की पहिल्या एकदोन वर्षांत हाड आतून झरझर विरळ होतं. सगळ्यात जास्त गुडघ्याच्या आसपास. आणि सायकलीनं स्नायू भरतो तसं ते पटकन भरून येत नाही."

"पण हाडाला कळतं कसं, मी बसलोय ते?"

फिजिओबाई चिकटपट्ट्या काढता काढता थांबल्या. "हाड जिवंत असतं. रोज थोडं जुनं खरवडून काढणाऱ्या पेशी असतात आणि नवं भरणाऱ्या वेगळ्या असतात. चालताना हाड केसभर वाकतं. त्या वाकण्यावरून आतल्या पेशींना कळतं, की इथे भर घालायला हवी. वजनच नाही, तर निरोप जात नाही. खरवडणं मात्र चालूच."

मास्तर घरी येईपर्यंत त्यावरच विचार करत होते. जेवताना त्यांनी बायकोला आपल्या भाषेत समजावलं. "म्हणजे बघ, दुकानात दोन कारागीर. एक उसवणारा, एक शिवणारा. उसवणारा रोज वेळेवर कामावर हजर. शिवणारा म्हणतो, गिऱ्हाईक कुठाय? आणि हातावर हात ठेवून बसतो. दुकान उसवणाऱ्याच्या हाती."

"शिवणारा गेला तर नाही ना सोडून?" मास्तरीणबाईंनी हळूच विचारलं.

हे मास्तरांनी फिजिओबाईंना विचारलं नव्हतं. 

गुरुवारी सकाळी एक बारीकशी गोष्ट घडली. पलंगावरून खुर्चीत जाताना मास्तर गुळगुळीत फळी मध्ये टाकून तिच्यावरून सरकायचे. घरचा दंडक असा, की सरकायच्या आधी मास्तरीणबाईंनी दोन्ही पावलं नीट ठेवली आहेत ना ते बघायचं. त्या दिवशी त्या दाराशी कुणाशी तरी बोलत होत्या आणि मास्तरांना घाई होती, कारण दुकानात कोटाचं कापड आलं होतं आणि लेक एकटीच बेतणार होती. ते तसेच सरकले. अंग वळलं, पण डावं पाऊल खुर्चीच्या पायटेकणीमागे अडकून राहिलं. मास्तरांनी हातानं पाय उचलून सोडवला. तेवढ्यात "टक्" असा आवाज झाला.

बटण गेलं, असं मास्तरांना वाटलं. त्यांनी शर्टाची बटणं मोजली. सहाच्या सहा जागेवर. मग वाकून जमिनीवर बघितलं. काही नाही. कोपऱ्यात गेलं असेल कुणाचं तरी, म्हणत ते दुकानात गेले आणि विसरले.

सोमवार उजाडला. सांधे वाकवल्यावर माप बदलतं असा मास्तरांचा सिद्धांत, म्हणून ते नेमाच्या आधीच टेप घ्यायचे. उजवी मांडी, मध्यावर, सव्वासोळा. डावी, सव्वासोळा. मग गुडघ्यावर चार बोटं सोडून. उजवा पावणेचौदा, नेहमीसारखा. डावा...

त्यांनी टेप काढला, झटकला, पुन्हा लावला. पंधरा!

"अगं ए! पोरी! इकडे या दोघी! सव्वा इंच! एका आठवड्यात सव्वा इंच!"

लेक दात घासता घासता आली. मास्तर वहीवर पेन्सिल आपटत होते. "तीन वर्षं गुडघ्यापाशी केसभर फरक नव्हता. सायकल लागू पडली! आणि दोन दिवस तो पाय आपोआप झटकेही जास्त मारतोय. जोर आलाय त्यात. परवा तपासणी, परवाच उभं राहायचं. तुझं ते टेबल वाचलं बघ."

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," लेक तोंडातल्या फेसासकट म्हणाली. "अक्षरशः, बाबा. गुडघ्यालाच."

मास्तर हसले. मास्तरीणबाई पायांशी बसल्या. उजवा घोटा, गुडघा, खुबा, एकवीस, एकवीस, एकवीस. मग त्यांनी डाव्या गुडघ्यावर तळहात ठेवला आणि तो तसाच ठेवून दिला. दुसरा हात उजव्या गुडघ्यावर ठेवला. ओठ हलायचे थांबले.

"हा गरम आहे," त्या म्हणाल्या.

"रक्त खेळतंय!"

"अहो, सायकल दोन्ही पायांनी चालवता ना?"

"एका पायानं कोण चालवतं?"

"मग उजव्याचं माप का नाही वाढलं?"

इतक्या हळू आवाजात विचारलेल्या प्रश्नाला ओरडून उत्तर देता येत नाही. मास्तर म्हणाले, "तू तुझा नेम कर. मापाचं मला कळतं."

"डाव्याला आज मी हात लावणार नाही."

"म्हणजे? नेम मोडशील?"

"मोडते," मास्तरीणबाई म्हणाल्या. त्या उठल्या, खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसल्या आणि हात मांडीवर ठेवले. चहा पातेल्यात निवत राहिला. तो त्यांनी घेतला नाही, कारण नेम पुरा झाला नव्हता.

मास्तरांना हे अगदीच नवीन होतं. तापात न मोडलेला नेम त्यांनी सुखासुखी मोडला होता. मास्तरांमधला शिंपी आपोआप कामाला लागला. शर्टाची एक बाही सव्वा इंच मोठी निघाली, तर गिऱ्हाइकाचा हात वाढला असं कोणता शिंपी म्हणेल? चूक शिवणीत असते. आणि स्नायू वाढायचा तर तो मांडीच्या मध्यावर वाढेल, तिथे तो भरीव असतो. गुडघ्यावर चार बोटं, तिथे आहे काय वाढायला? सुतावरून स्वर्ग गाठायला निघालो होतो आपण.

तरीही ते तासभर गप्प बसले. त्या तासात त्यांच्या मनात काय चाललं होतं ते वहीत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. दोन दिवस काही बोललं नाही, तर बुधवारी पट्ट्या बांधून उभं करतील. एकदा, फक्त एकदा, वरून खाली टेबल बघता येईल. सूज काय, उतरेल. दुखत तर काहीच नाही. आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की दुखत नाही हीच तर भानगड आहे. या पायात आग लागली तरी निरोप यायचा नाही. आज जो निरोप आला होता, तो खिडकीजवळ बसलेल्या, सकाळपासून पाण्याचा घोटही न घेतलेल्या बाईच्या तळहातातून आला होता.

"पोरी," मास्तर म्हणाले, "गाडी बोलाव. केंद्रात जाऊ."

फिजिओबाईंनी पाय पाहिला, दोन्ही बाजूंनी हात लावला आणि सायकलीकडे बघितलंसुद्धा नाही. "कुणी हलवू नका हा पाय," एवढंच म्हणाल्या आणि स्वतः त्यांना थेट डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. पायात रक्ताची गाठ तर नाही, याची तपासणी झाली. ती नव्हती. मग एक्स-रे निघाला.

डॉक्टरांनी तो उजेडाच्या पेटीवर लावला. गुडघ्याच्या जरा वर, मांडीच्या हाडाच्या रुंद टोकाला, एक बारीक तिरकी रेघ.

"तुटलंय," डॉक्टर म्हणाले. "सरकलेलं नाही, नशीब समजा. बुधवारी चौकटीत उभं केलं असतं तर सरकलं असतं."

मास्तरीणबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "माझ्या हातून झालं," त्या म्हणाल्या. "मी रोज वाकवते. नेमाच्या नादात जोर लागला असेल."

"गेल्या आठवड्यात काही वेगळं झालं होतं का?" फिजिओबाईंनी विचारलं. "पडणं, आपटणं, पाय पिरगळणं? कसला आवाज?"

मास्तरांचा हात शर्टाच्या बटणांवर गेला. वरून खाली, सहाच्या सहा.

"बटण," ते म्हणाले.

"काय?"

"गुरुवारी पाऊल अडकलं होतं. ही नव्हती तेव्हा. मी न सांगता सरकलो. टक् झालं. मला वाटलं बटण तुटलं." ते बायकोकडे वळले. "तुझ्या हातून नाही झालं. मी बटण शोधत बसलो, खुळ्यासारखा."

"म्हणजे शुक्रवार, शनिवार, रविवार," मास्तरीणबाई बोटं मोजत म्हणाल्या, "तीन दिवस मी तुटलेला पाय वाकवला."

"आणि चौथ्या दिवशी तुमच्याच हाताला कळलं," फिजिओबाई म्हणाल्या. "सूज, ऊब, झटके वाढणं. न दुखणाऱ्या पायाचं हाड मोडलं की एवढ्याच खुणा असतात. उद्यापासून उजव्याला जोर न लावता, हळू. किती हळू ते मी शिकवते."

मास्तर खुर्ची पेटीजवळ नेऊन एक्स-रे न्याहाळत होते. शेजारी डॉक्टरांनी कुणाचा तरी दुसरा, धडधाकट गुडघा लावून दाखवला. त्या हाडाच्या कडा जाड, पांढऱ्याशुभ्र, कोटाच्या कापडासारख्या. मास्तरांच्या हाडाच्या कडा पेन्सिलीनं ओढल्यासारख्या, आणि मधून उजेड आरपार येत होता.

"मलमल," मास्तर पुटपुटले. "मलमलीवर ओव्हरकोटाचं वजन टाकायला निघालो होतो मी. आता काय, शिवणार?"

"शस्त्रक्रिया नको," डॉक्टर म्हणाले. "मऊ अस्तराची पट्टी बांधू, दीडदोन महिने. कातडी रोज तपासायची, कारण पट्टी रुतली तरी तुम्हाला कळणार नाही. हाडासाठी औषध सुरू करू, रक्तातलं ड जीवनसत्त्व बघू."

"पण भरेल?" मास्तर एकदम पुढे वाकले. "वजन नाही, निरोप नाही, मग भरायला कोण येणार?"

"भरेल ना. तुटलेलं हाड सांधायला वजनाच्या निरोपाची वाट बघावी लागत नाही. तुमच्यासारख्यांचंही सांधतं."

 मास्तर बायकोकडे वळून म्हणाले, "ऐकलंस? सोडून गेला नाहीये तो. आहे दुकानातच."

डॉक्टरांना वाटलं, दुकानातल्या कुठल्या तरी नोकराची गोष्ट चाललीय.

"आणि उभं राहणं?" मास्तरांनी शेवटी विचारलंच.

फिजिओबाईंनी त्यांना गोड गोड काही सांगितलं नाही. "सांधल्यावर तपासणी करू. मग कदाचित तिरकं, थोडं थोडं. कदाचित नाहीच. आणि उभं राहून हाड पहिल्यासारखं होईल, असं मी म्हणणार नाही."

घरी आल्यावर मास्तरीणबाईंनी सकाळचा चहा गरम केला. मास्तर म्हणाले, "पोरी, करवत आण."

लेकीनं आईकडे बघितलं. आई मान खाली घालून गरम केलेला चहा पहिल्यांदा ओठांना लावत होती. उजव्या पायाचा नेम सकाळीच झाला होता आणि डाव्याचा आजचा नेम म्हणजे त्याला न हलवणं, एवढं तिनं देवाला सांगून टाकलं होतं.

टेबलाच्या पायांवर खडूच्या खुणा मास्तरांनी स्वतः केल्या. खुर्चीत बसून कोपराची उंची घेतली, लेकीला दोनदा मोजायला लावली. सात नाही, साडेसहाच भरले. "बघ, सात कापले असतेस तर कुबड आलं असतं मला," ते म्हणाले. लेकीनं करवत चालवली. लाकडाचे चार तुकडे खाली पडले तेव्हा मास्तरांनी मान वळवली नाही. उलट ते तुकडे उचलून घ्यायला लावले आणि प्रत्येकावर तो कुठल्या पायाचा ते लिहिलं.

"हे कशाला?"

"शिवणीत कापड राखून ठेवतोच ना आपण. लागेल तेव्हा उसवून लांब करता येतं. ठेव वरच्या फळीवर. आणि शिडी नीट धरायला सांग कुणाला तरी."

त्यानंतरच्या सोमवारपासून वहीच्या शेवटच्या पानावर एक नवा रकाना आला. मांडी, गुडघ्यावर चार बोटं, आणि त्यापुढे "हात." तो रकाना मास्तरांना भरता यायचा नाही. मास्तरीणबाई पट्टीच्या वर आणि खाली तळहात ठेवायच्या, नाव घ्यायच्या, आणि मास्तर पेन्सिल धरून वाट बघायचे.

"कोमट," त्या म्हणायच्या. किंवा, "उजव्याएवढाच."

मास्तर तसं लिहायचे. टेपला न कळणारं माप असतं, याचं नवल त्यांना कितीतरी आठवडे पुरलं. सहाव्या आठवड्यात एक्स-रेमध्ये त्या तिरक्या रेघेभोवती पांढरा फुगवटा दिसला, तेव्हा त्यांनी तो एक्स-रे फिजिओबाईंकडून मागून घरी आणला आणि खिडकीच्या काचेवर लावून ठेवला.

"काम चांगलंय," ते म्हणाले. "टाके जरा जाड घातलेत. पण इतक्या दिवसांनी कामाला लागलेल्या माणसाला एवढं बोलू नये."

त्याच दुपारी ते बुटक्या टेबलापाशी बसून कोट बेतत होते. लेक समोर, मास्तरीणबाई काजं करत बाजूला. तेवढ्यात खुर्ची जरा मागे सरकली आणि आवाज झाला.

टक्.

तिघांचे हात जागच्या जागी थांबले. मास्तरीणबाई सुई टाकून उठल्या, त्यांचा तळहात आधी डाव्या गुडघ्यावर, मग उजव्या. लेक गुडघ्यांवर खाली बसली आणि टेबलाखाली शिरली. मास्तर वरून मोजत होते. एक, दोन, तीन, चार, पाच.

"पाच," ते म्हणाले. "अगं, पाचच आहेत!"

टेबलाखालून लेकीचा हात वर आला. चिमटीत पांढरं, चार भोकांचं बटण.

"कोमटसुद्धा नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि हात काढून न घेता पहिल्यांदाच सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं हसल्या.

मास्तरांनी बटण हातात घेतलं, उजेडात धरून उलटंपालटं केलं. "वही आण," ते लेकीला म्हणाले. "हेही लिहून ठेवू."